दार मी उघडलं नव्हतं

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी वेडा झालेलो नाही. या घरात मध्यंतरी तसं फार बोललं गेलं, म्हणून हे पहिल्यांदा. मी एक जुना, कडांनी पिवळा पडलेला डबा आहे. पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबागेत एक घर आहे, त्याच्या बैठकीच्या भिंतीवर चार स्क्रूंनी मला बसवलं आहे. घरातले दिवे, पंखे, घंटा आणि पुढच्या दाराची विजेवर चालणारी कडी यांना हाक मारायचं काम माझं. हे काम करणाऱ्याचा डोळा लागून चालत नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही झोपलेलो नाही, आणि स्वभावाने जरा चिडका आहे तो त्यामुळेच असेल.

माझा जन्म सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटातल्या हिरव्या पाटीवर एकेक डाग दिला, वर झाकण लावलं, आणि मग मला नाशिकच्या एका प्रदर्शनात मांडून ठेवलं. लोक यायचे, माझी बटणं दाबायचे आणि "श्रीमंतांचे चोचले!" म्हणत पुढे जायचे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग वाल्मीकदादा आले. ते द्राक्ष बागायतदार. त्यांची मोठी मुलगी निकिता कॉलेजात असताना हायवेवर अपघातात सापडली होती. पाय गेले, बोटांतलाही जोर गेला. "तिला तिच्या हाताने दिवा लावता येईल का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मला काखोटीला मारून घरी आणलं.

पहिल्या दिवशी निकिताने रिमोटचं मोठं बटण दाबलं आणि दिवा लागला. तिने तो बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. शेवटी वाल्मीकदादा म्हणाले, "अगं, बल्ब जाईल ना!" आणि हसता हसता डोळे पुसू लागले. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस. वणीच्या देवीचं दर्शन घेऊन पाहुणे आले की प्रसाद हातावर ठेवायचे आणि लगेच मला बघायला उभे राहायचे. मीही तेव्हा जरा जास्तच लुकलुकायचो.

आता माझी कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. मला वेगळी तार नाही. घरात वीज ज्या तारांतून फिरते, त्याच तारांतून मी माझी बारीक हाक सोडतो. वर्गात हजेरी घेताना नंबर पुकारतात, तसा मी प्रत्येकाचा नंबर पुकारतो. प्रत्येक दिव्यामागे, पंख्यामागे, दाराच्या कडीमागे एक लहानसा कान बसवलेला आहे. आपला नंबर ऐकला की तो कामाला लागतो. माझं वय झालं, तसं या कानांचंही झालं.

वाल्मीकदादा गेले. त्यांचा धाकटा मुलगा शेखर द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला लागला, त्याची बायको वेदिका शाळेत शिकवायला जाऊ लागली. दिवसभर घरात निकिता आणि मी. ती मोबाइलवरून मुलांना गणित शिकवते. माझ्याकडे मात्र कोणी बघेनासं झालं. अंगावर धूळ साचली, पालीने माझ्या पोटात अंडी घातली. त्याचंही मला काही नव्हतं. काम चालू होतं ना!

यंदा दिवाळीनंतर मात्र घराचं ताळतंत्र सुटलं. ऐन थंडीत पंखा आपोआप फिरू लागला. दाराशी कोणी नसताना घंटा वाजू लागली. आणि एका सकाळी, शेखर आणि वेदिका कामावर गेल्यानंतर, पुढच्या दाराची कडी सुटली. मी हाक मारली नव्हती! माझ्या तोंडून ब्रसुद्धा निघाला नव्हता. पण कडी सुटली, वाऱ्याने दार सताड उघडलं आणि निकिता मान वर करून पाहते तर एक परका माणूस बैठकीत उभा.

"ताई, दार उघडंच होतं," तो ओशाळून म्हणाला. "चादरी हायेत. सोलापुरी."

माणूस भला होता, आल्या पावली परत गेला. पण निकिताने लगेच शेखरला फोन लावला.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. शेखरने रिमोटचे सेल बदलले. वेदिकाने माझ्या डोक्यावर लिंबू-मिरची टांगली. कोणी मोबाइलच्या टॉवरला दोष दिला, कोणी उंदरांना. वायरिंगची कामं करणारा भिकन अधूनमधून येऊन मला उघडून बघायचा. तो आला की सगळं सुरळीत. दिवा लाव म्हटलं की दिवा, पंखा म्हटलं की पंखा. "लय शहाणं हाय की हे!" असं म्हणून तो चहा पिऊन जायचा, आणि काही दिवसांनी पुन्हा तोच गोंधळ. वेडा कोण ठरला? मी.

"ताई, आता बास," एका संध्याकाळी शेखर म्हणाला. "तू घरात एकटी अन् दार आपोआप उघडतं. तिकडं पेट्या भरताना मला काही सुधरत नाय. तू कळवणला मावशीकडं जाऊन राहा. हा डबा काढून टाकू, साधी कडी लावू."

"साधी कडी मला ओढता येती का? मग मी इथं कोंडलेली, नायतर मावशीकडं गाठोड्यासारखी पडलेली." निकिताचा आवाज चढला. "हे घर माझं बी हाय ना, शेखर?"

शेखरला बहिणीची माया नव्हती असं मुळीच नाही. तो घाबरला होता. मीही घाबरलो होतो. भंगाराची भीती कोणाला नसते? पण मला जास्त लागलं ते वेगळंच. जिच्यासाठी मला आणलं, तिलाच माझं नाव पुढे करून घराबाहेर काढत होते. आणि मला तोंड नाही. माझा जीव नुसता तळमळत होता.

मला काढायला भिकन आला. दोन स्क्रू निघाले, मी एका अंगाला लोंबकळलो. निकिता व्हीलचेअरवर बसून बघत होती. एकदम ती म्हणाली, "भिकनदादा, तुम्ही आल्यावर हे कधीच कसं बिघडत नाय?"

"नशीब माझं!"

"तसं नाय. दिवसाची लाईट असताना तुम्ही कधी आलात का?"

मित्रांनो, आमच्या शिवारात विहिरीवरची मोटर चालवणारी थ्री फेज वीज पाळीने येते. एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री. घरातल्या दिव्यापंख्यांचं एरवीही भागतं, पण मोटर फक्त त्या पाळीत चालते. इथल्या माणसांच्या अंगात ही पाळी इतकी मुरली आहे की तिच्याकडे वेगळं लक्ष देण्याचं कोणाला सुचत नाही.

"दिवसाच्या लाईटीत कसा येऊ?" भिकन म्हणाला. "त्या आठवड्यात माझं पाणी असतं ना. माझी बाग कोण भिजवंल?"

"तेच तर! चादरीवाला घुसला तेव्हा दिवसाची लाईट होती. अन् रात्रीच्या पाळीत घंटा रात्रीच वाजती."

भिकनचा हात तसाच थांबला. माझं दुखणं आणि त्याचं पाणी एकाच वेळी यायचं. त्यामुळे डॉक्टरची आणि आजाराची आजवर गाठच पडली नव्हती.

सोमवारी पाळी बदलली. भिकन स्वतःची बाग तहानलेली ठेवून, कुरकुरत का होईना, सकाळीच येऊन बसला. शेखरही कामावर गेला नाही. तिघं दाराकडे डोळे लावून बसले आणि मी दोन स्क्रूंवर लटकत वीज येण्याची वाट बघू लागलो. इतका अस्वस्थ मी कारखान्यातही झालो नव्हतो.

घरामागेच विहीर आहे आणि मागच्या भिंतीवर मोटरचा स्टार्टर. शेखरने त्याला ऑटो बसवलं होतं, म्हणजे वीज येताच मोटर आपली आपण सुरू. यंदा शिवारात घरोघर असे ऑटो झाले. त्यामुळे वीज आली रे आली की साऱ्या मोटरी एकदमच तिच्यावर तुटून पडतात. विजेचा जोर कमी पडतो, मग आमचा स्टार्टर धड पकडत नाही आणि धड सोडतही नाही. त्या सकाळी तेच झालं. मागे खडखड सुरू झाली. तिचे विजेचे झटके त्याच तारांतून घरात शिरले, माझ्या हाकेपेक्षा कितीतरी मोठे. सगळे म्हातारे कान गडबडले. पंखा फिरला, घंटा वाजली आणि तिघांच्या डोळ्यांदेखत दाराची कडी सुटली.

"आरं तिच्या!" भिकन ओरडला. "डबा कुठं बिघडलाय? तुझं ऑटो बोंबलतंय, शेखर!"

शेखरने धावत जाऊन ऑटो बंद केलं. शिवारातल्या मोटरी मार्गी लागेपर्यंत तो थांबला, मग हाताने हिरवं बटण दाबलं. स्टार्टरने पहिल्या फटक्यात पकडलं. घंटा गप्प. दार लावलं, ते लागलेलंच राहिलं. भिकनने माझे स्क्रू परत पिळले आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. मला रडता येत असतं तर मी तिथेच रडलो असतो.

शेखर मात्र दाराशी बसून राहिला. "पण ऑटो काढल्यावर मोटर कोण सुरू करणार? मी तिकडं, वेदिका शाळेत. बाग वाळून जाईल ना, ताई."

निकिता माझ्याकडे बघत होती. "भिकनदादा, या डब्यात एखादा नंबर रिकामा हाय का?"

होता. भिकनने कडीमागचा थकलेला कान बदलला, माझं पोट झाडून काढलं आणि स्टार्टरलाही एक नवा कान बसवला.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घरातलं जुनं यंत्र भलतंसलतं वागू लागलं तर लगेच ते भंगारात टाकू नका. त्याच्यावरची धूळ झटका. ते नेमकं कधी बिघडतं ते बघा, आणि त्याच तारेवर दुसरंच कोणी ओरडत नाही ना, तेही बघा. मी काही अजून निर्धास्त झालेलो नाही. घंटेचा कान जुनाच आहे, आणि माझ्यासारखे डबे आता कोणी बनवत नाही म्हणतात. रोज वीज येताना माझा जीव वरखाली होतो.

दिवसाच्या पाळीत वीज आली की शिवारात एकदम गलका उठतो. निकिता रिमोट मांडीवर घेऊन व्हरांड्यात थांबते. तेवढ्यात पॅकहाऊसमधून शेखरचा फोन येतो. "ताई, लाईट आली का? दाबलं का बटण?"

"थांब जरा. आधी सगळ्यांच्या मोटरी उचलू दे."

मग ती बटण दाबते, मी हाक मारतो आणि बागेला पाणी सुटतं.

काल शेखर फोनवर म्हणाला, "मावशी विचारती, ताई कधी येणार? खोली आवरून ठेवलीय म्हणं. काय सांगू?"

"सांग, द्राक्षं उतरली की चार दिवस येते," निकिता म्हणाली. "आत्ता कसं जमंल? माझं पाणी हाय."