एकदा बंद झालो की

मित्रांनो, मी वाघोलीचा एक जुना ट्रॅक्टर. वय विचारू नका, आवाजावरून कळतंच. उमेदीत मी बापूरावांचं ज्वारीचं रान नांगरलं. पुढे त्या रानात इमारती उभ्या राहिल्या, कंप्युटरवाली मंडळी राहायला आली आणि मी त्यांच्यासाठी पाण्याचा टँकर ओढू लागलो.

बापूरावांच्या पत्नी मुक्ताई माझे भारी लाड करतात. एका दसऱ्याला त्यांनी मला लाल ऑइलपेंट दिला. अर्धवट काम त्यांना खपत नाही, म्हणून तारा सोडवून सांध्यांखालच्या लोखंडालासुद्धा. सगळ्या आळीनं कौतुक केलं.

तेव्हापासून माझं बिनसलं. सकाळी गार असताना कसाबसा चालू व्हायचो. पण तापल्यावर बंद केलं, की चावी फिरवली तरी नुसतं 'कट्'. नवी बॅटरी आली, स्टार्टर दुरुस्त झाला, तरी 'कट्' ते 'कट्'च. मग बापूराव मला बंदच करेनात. सोसायटीखाली मी पाणी उतरेपर्यंत धडधडत राहायचो.

तिसऱ्या मजल्यावरची नम्रता रात्रपाळी करून दिवसा झोपायची. एकदा खाली येऊन म्हणाली, "काका, हा ट्रॅक्टर माझ्या उशाशीच लावता का?" बापूराव ओशाळले. त्यांनी मला बंद केलं. पाणी उतरल्यावर पुन्हा 'कट्'. मग टँकर सोडवून मला ढकलायला वॉचमनसकट निम्मी सोसायटी लागली, त्यात नम्रताही. चेअरमननी बजावलं, सोमवारपासून ट्रॅक्टर बंद ठेवता आला तरच या.

बापूरावांनी हाय खाल्ली आणि मला मोडीत द्यायचं ठरवलं. रविवारी भंगारवाला दीनानाथ न्यायला येणार होता. मळका देऊ नये म्हणून मुक्ताई मला पुसत होत्या, बापूराव शेवटचं म्हणून पुन्हा पुन्हा चावी फिरवत होते. बॅटरीपासून माझ्या अंगाला येणाऱ्या जाड तारेच्या माझ्याकडच्या टोकाला मुक्ताईंचा हात लागला.

"अहो, थांबा. ही तव्यासारखी तापलीय."

"करंट जातो, तापणारच."

"मग बॅटरीकडचं टोक गार कसं?"

बापूरावांनी आधी बॅटरी सोडवली, मग तापलेल्या टोकाचा बोल्ट खोलला. तारेखाली लालभडक रंग. रंगातून वीज जाणार कुठून? मुक्ताईंनी पॉलिश पेपर शोधून आणला.

"एवढं मन लावून मला कधी उटणं लावलं नाहीस," बापूराव म्हणाले.

पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, तार आवळली, आणि मी चालू झालो. मला चांगलं तापू दिलं, मग बंद केलं. पुन्हा चालू झालो. बापूरावांना नवं खेळणंच मिळालं.

तेवढ्यात दीनानाथ आला. "आपलं ठरलं होतं ना?"

"बंद पडलेला ट्रॅक्टर न्यायचं ठरलं होतं. तसा आता आमच्याकडं नाय. च्या घेऊन जा."

सोमवारी मी सोसायटीखाली गपगार उभा होतो. नम्रताच्या खिडकीचे पडदे ओढलेले होते.

मित्रांनो, रंग मला आजही आवडतो. पण माझ्या तारांचे सांधे बिनरंगाचे आणि घट्ट ठेवा. आणि कुणी सारखं अडू लागलं, तर मोडीत काढण्याआधी जरा हात लावून बघा, कुठं तापलंय ते.