इसम सापडला नाही

"सापडला नाही म्हणजे? सुई आहे का तो?" तिनं खुरपं बांधावर आपटलं.

कोर्टाचा बेलीफ पुन्हा हात हलवत आला होता. पोरीच्या पोटगीचा हुकूम होऊन वर्ष उलटलं, पण नवऱ्यानं दमडी दिली नव्हती. आता त्याच्या हातात नोटीस तरी पडावी, तर बेलीफ दर वेळी 'इसम सापडला नाही' असं लिहून मोकळा. इकडे पोरीला फळा दिसत नव्हता. डॉक्टरनं चष्मा सांगून ठेवला होता आणि पोरगी वर्गात बाकावरच्या शेजारणीच्या वहीत डोकं घालून शिकत होती.

"चला, मीच दाखवते," ती म्हणाली.

नवरा दोन गावं पलीकडे मळणीयंत्र चालवत होता. खळ्यावर धुरळा उडत होता, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. तिनं लांबूनच बोट दाखवलं, "तो बघा!"

त्यानं यंत्र बंद केलं. फडकं काही काढलं नाही. "मी त्याचा भाऊ, साहेब. तो गेला परगावी."

"खोटं बोलतोय मेला! विचारा ह्यांना."

गव्हाचा म्हातारा मालक आभाळाकडे बघायला लागला. ढग भरून आले होते आणि गहू अजून खळ्यावर पडलेला. ऐन वेळी यंत्रवाल्याला कोण दुखावणार? "भाऊच आहे तो," म्हातारा पुटपुटला.

बेलीफनं पुन्हा तेच लिहायला पेन काढलं. ते बघून तिचं डोकंच फिरलं. ओरडावं, दगड मारावा असं वाटलं. पण ती भुशाच्या ढिगाशी जाऊन बसली. लग्नानंतर सात वर्षं तिनं ह्याच यंत्रात पेंढ्या घातल्या होत्या. तिनं मूठभर भुसा उचलून हातावर चोळला.

"काका, तुमचा गहू भुशात चाललाय हो! चाळणी कुणी बसवली? ह्या भावानं? तरीच. आमचे हे असते तर दाणा गेला नसता. ह्या येड्याला चाळणीचं तोंड कुठं तेसुद्धा कळत नाही."

"ए! कुणाची चाळणी चुकली?" फडकं खसकन खाली आलं. "वीस वर्षं मशीन चालवतोय मी! ह्या भागात माझ्यासारखी मळणी करून दाखवा कुणी!"

"माझ्यासारखी म्हणजे? नाव काय आपलं?" बेलीफनं विचारलं.

त्यानं छाती काढून सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग जीभ चावली.

बेलीफनं नोटीस त्याच्या हातात ठेवली. म्हातारा घाईघाईनं भुसा चिवडत होता. त्यात एकही दाणा नव्हता. काम नवरा चोख करायचा, त्याचाच तर तिला जास्त संताप यायचा.

"आता तारीख पडेल," परतताना बेलीफ म्हणाला. "तो वकील लावेल, मुदत मागेल."

"म्हणजे चष्मा?"

बेलीफनं पेन खिशाला अडकवलं आणि पावलं उचलली.

घरी पोरगी दारातच उभी होती. ओळख पटेपर्यंत डोळे बारीक करून बघत राहिली. आई अगदी जवळ आली तेव्हा म्हणाली, "आई, तूच ना? बाबा भेटले?"

"भेटले नाहीत गं," तिनं पोरीला जवळ ओढलं. "सापडले."