तीन वर्षांच्या आत

"नक्कल झाली कधी, ती तारीख सांगा आधी," मनस्विनी वकील म्हणाली.

सुनेत्राला तारीख तोंडपाठ होती. दोन डिसेंबर, पाच वर्षं होऊन गेली. ती शाळेच्या संगणक कक्षात सहायक. वडिलांच्या, अण्णांच्या हापूस बागेसाठी तिनं एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मोहोर केव्हा आला, फवारणी केव्हा, आंबा केव्हा उतरवायचा, सगळं त्यात. अण्णा कलमाखाली उभं राहून सांगायचे, ही सुट्टीत बसून लिहायची. एका कंपनीला तपासायला दिलं, तर त्यांनी तेच स्वतःच्या नावानं विकायला काढलं.

"अजून विकतात?"

"नाही. वर्षभरातच बंद केलं. आता त्यांचं निराळंच आहे."

मनस्विनीनं चष्मा काढला. "विकत असते, तर दर विक्रीला नवी मुदत धरता आली असती. नाहीतर नक्कल केल्यापासून तीन वर्षं. ती सरली हो, सुनेत्राताई. तेव्हाच का नाही आलात?"

"त्याच महिन्यात अण्णांना अर्धांगवायू झाला. त्यांना कुशीवर वळवायला माझ्याशिवाय कोण होतं? या आषाढात गेले. हे कोर्टाला सांगून नाही चालणार?"

"अपिलाचा उशीर कोर्ट माफ करतं. दाव्याचा नाही. खोटी आशा नाही लावत मी तुम्हाला."

"भरपाई नको होती हो मला. त्यावर अण्णांचं नाव यायला हवं होतं, एवढंच."

मनस्विनी तिला दारापर्यंत सोडायला आली.

एसटी स्टँडवर बाकावर शेजारी एक म्हातारा मोबाईल डोळ्यांशी धरून बसला होता.

"बाई, जरा बघा ओ. मना काय कलत नाय."

सुनेत्रानं पडद्यावर वाचलं. 'मतलई वारा पडेपर्यंत फवारू नका.' अण्णांचंच वाक्य. कंपनीनं एक शब्दसुद्धा बदलला नव्हता.

"मागच्या फवारणीची तारीख विचारतंय," ती म्हणाली. त्यानं सांगितली, तिनं भरून दिली.

"तुमाला बरा येता ह्या!"

"येतं थोडं."

"पाच वर्सां झाली घेऊन, आता मिलत नाय ह्या. ह्याच्याच जीवावर बाग करतोय. कोनीतरी जानत्यानं लिवलाय."

"हो," सुनेत्रा म्हणाली. "फार जाणते होते."

राजापूरची गाडी लागली. म्हातारा पायरी चढेपर्यंत तिनं त्याची पिशवी धरून ठेवली.