इंद्र लपला तेव्हा

रोपवेचा डबा दरीच्या पार मध्यावर आला आणि गचका देऊन थांबला. आत दोघीच होत्या, सासू आणि सून. सासूबाई वर डोंगरावर एकट्या राहायच्या. सून मुलांच्या वॉर्डात नर्स होती. आज रजा काढून ती त्यांना खाली डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होती. दोघींचं वाकडं कधीच नव्हतं, पण सूतही जुळलं नव्हतं. बोलणं कामापुरतं.

छतातल्या स्पीकरमधून ऑपरेटर म्हणाला, "विजा पडतायत, म्हणून थांबवलंय. डबा लोखंडी आहे, वीज बाहेरच्या बाहेर निघून जाते. फक्त दांड्यांना हात लावू नका."

"म्हणजे इथेच लोंबकळत बसायचं," सून पुटपुटली. खाली दरीकडे बघायचं ती टाळत होती.

सासूबाईंची उभी हयात कॉलेजात पुराणकथा शिकवण्यात गेली होती. त्या ताठ बसल्या आणि वर्गात बोलावं तसं सांगू लागल्या. "थंड मुलखातले लोक म्हणायचे, देवाचा रथ ढगांवरून जातो. त्याला बोकड जुंपलेले असतात, आणि चाकं गडगडतात तेच हे. आपल्याकडे इंद्र. वृत्र नावाच्या असुराने सगळं पाणी अडवून धरलं होतं. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली, त्यांचं वज्र झालं, आणि मग..."

डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड झाला. पाठोपाठ कानठळ्या बसवणारा आवाज. डबा थरथरला, झुलला आणि हळूहळू स्थिरावला.

"मग काय झालं, आई?"

सासूबाई समोर बघत होत्या, ओठ पांढरेफटक. सुनेने त्यांचा हात धरला. तो गार पडला होता आणि नाडी धावत होती. समोर घाबरलेलं माणूस आहे म्हटल्यावर तिची स्वतःची भीती कुठल्या कुठे गेली.

"विसरले," सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

"असू दे, मी सांगते. इंद्राने वृत्राला मारलं, पाणी सुटलं. मग इंद्र मिरवत घरी गेला, सगळ्यांनी आरती ओवाळली..."

"कुठली आरती? काहीतरीच काय सांगतेस." सासूबाईंच्या आवाजात धार आली. "मारलं खरं, पण नंतर त्याचीच घाबरगुंडी उडाली. पळत सुटला, आणि पाण्यात एका कमळाच्या देठात जाऊन लपला."

"देवांचा राजा?"

"हो. मुलं हसायची वर्गात." त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. "मला लहानपणापासून विजेची भीती वाटते. कुणाला बोलले नाही. ढग आले की मी आपली बडबडत सुटते."

"मला वाटलं, मला धीर देताय."

"तुला कसला धीर देणार? माझंच पाणी पाणी झालंय."

सुनेला हसू फुटलं. सासूबाई क्षणभर रागावल्यासारख्या दिसल्या, मग त्याही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गडगडाट दूर गेला. डबा एकदा कुरकुरला आणि खाली सरकू लागला. स्टेशनात ऑपरेटरने दार उघडलं आणि दोघींना आधार देऊन उतरवलं. पायाखाली फरशी लागल्यावर सासूबाईंनी मोठा श्वास सोडला.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ टळून गेली होती.

"आज रात्री तुमच्याकडेच येते," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल काय, चलाच," सून म्हणाली आणि त्यांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून बसस्टॉपकडे निघाली.