दाराची पाळी

कुन्सुलूच्या हातातून गाडी काढून घेतली ती माझ्या एका आकड्यावर. दोनशे नव्वद मिलिसेकंद. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ.

आमच्या शिमकेंटच्या आगारातल्या जुन्या बसगाड्यांत दार, ब्रेक, पायाखालचं पेडल अशी सगळी यंत्रं दोन तारांवरून सारखी एकमेकांशी बोलत असतात. एक डबी ते बोलणं वेळेसकट टिपून ठेवते. अपघात झाला की डबी माझ्या टेबलावर येते. मी इंजिनिअर नाही. पंधरा वर्षं याच गाड्यांत तिकिटं फाडली. तिकिटं बंद झाली तेव्हा घरी जाण्यापेक्षा हे शिकून घेतलं, जुनी पुस्तकं वाचून आणि चार लोकांचं डोकं खाऊन.

बाजाराच्या थांब्यावर एक म्हातारबाबा उतरले आणि त्यांच्या लांब झग्याचं टोक मागच्या दारात अडकलं. गाडी निघाली, बाबा दोन पावलं ओढले गेले आणि पडले. मनगट मोडलं. चौकशीत प्रश्न एकच होता: दार बंद व्हायच्या आधी कुन्सुलूनं पेडल दाबलं का? दाबलं असेल तर बावीस वर्षांची नोकरी संपली.

माझ्या पडद्यावर प्रत्येक यंत्राची एक ओळ असते, काळ डावीकडून उजवीकडे सरकतो आणि प्रत्येक बोलणं म्हणजे एक बारीक उभी रेघ. मी एक खूण पेडलच्या रेघेवर ठेवली, दुसरी दारानं ‘बंद’ सांगितलं त्या रेघेवर. मधलं अंतर पडदाच सांगतो. पेडल दोनशे नव्वदनं आधी. मी सही केली.

कुन्सुलू चौकशीत म्हणाली होती की ती दाराच्या दिव्याकडे बघत नाही, दार बसल्याचा आवाज आला की पाय ठेवते. सुरक्षेचे प्रमुख दौलेतखान आगा. त्यांनी कागदावर पहिलं अर्धं वाक्यच लिहून घेतलं.

नवव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. न जाण्याची बरीच कारणं शोधली होती, एकही धड सापडलं नाही. तिनं आत घेतलं, बसवलं आणि चहाची वाटी काठोकाठ भरून पुढे ठेवली. आमच्यात पाहुण्याला अर्धी वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागेल, बसेल. भरलेली वाटी म्हणजे पी आणि ऊठ. मी जीभ भाजत प्यायले.

मी उठताना ती म्हणाली, “मारझान, दोनशे नव्वदनं आधी म्हणजे जो आवाज झालाच नव्हता तो मला ऐकू आला. एवढी कसली वेडी झालेय गं मी?”

हे वाक्य घरापर्यंत माझ्या मागे आलं. सकाळी मी तीच नोंद पुन्हा उघडली. या वेळी खुणा ठेवल्या नाहीत, नुसती टाइमलाइन लांबून बघितली. पेडलच्या रेघा दाट होत्या, केसांसारख्या. दाराच्या विरळ, आणि अगदी सारख्या अंतरावर, बरोबर अर्ध्या अर्ध्या सेकंदावर. दार बंद झालं की बोलत नाही. त्याची पाळी आली की बोलतं. ते केव्हा बोललं हे मी मोजलं होतं. केव्हा बंद झालं हे नाही.

मग केव्हा बंद झालं? दाराची मोटर चालू असली की गाडीची वीज थोडी दबते, आणि विजेची ओळ वीस वीस मिलिसेकंदांनी बोलते. तिथे बघितलं. दारानं ‘उघडं’ सांगितलं आणि लगेच तिसाव्या मिलिसेकंदाला वीज पुन्हा वर आली. मोटर थांबली, दार बसलं. बिचाऱ्याची पाळी नुकतीच येऊन गेली होती, ‘बंद’ सांगायला पुढच्या पाळीपर्यंत थांबावं लागलं. कुन्सुलूचं पेडल त्यानंतर एकशे ऐंशीनं. कानातून पायापर्यंत पोचायला माणसाला साधारण तेवढंच लागतं.

खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मी ते कुणाला सांगितलं नाही. ही जागा हिला देऊ नका, बाईकडे पदवी नाही, असं आगा पूर्वी म्हणाले होते. ते बरोबर होते असं त्यांनाच जाऊन सांगायचं होतं.

सांगितलं. त्यांनी जुना आणि नवा, दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“दोन्हींवर सही तुझी. मी कुठल्यावर विश्वास ठेवू?”

“कुठल्याच नको, आगा. तुम्ही स्वतः मोजा.”

मी खुर्ची सोडली. त्यांनी चष्मा पुसला, जाड बोटांनी खुणा सरकवल्या, एकदा चुकले, पुन्हा ठेवल्या. एकशे ऐंशी. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. त्याच दिवशीचे आधीचे थांबे काढायला लावले. एकशे सत्तर. एकशे नव्वद. एकशे ऐंशी. चाळीस थांबे बघितले, कुठेच तिचा पाय दाराच्या आधी नव्हता. दाराच्या कडेचं रबर मध्ये आलेला हात ओळखून दार उघडतं, पातळ कापड ओळखत नाही, हे त्यांनी मी न सांगता लिहिलं. वर हेही, की यापुढे माझं प्रत्येक मोजमाप दुसरं कुणीतरी तपासेल. मला ते लागलं आणि पटलंही.

कुन्सुलू गाडीची किल्ली परत घ्यायला आली तेव्हा मी माफी मागितली. तिनं माफ केलं की नाही, कळलं नाही. म्हणाली, “म्हाताऱ्याकडे गेली होतीस?”

नव्हते गेले.

“मी दोनदा गेले. दोन्ही वेळा बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांना वाटतं मी मागे बघितलंच नाही. मी सांगितलं तर सबब वाटेल.” तिनं किल्ली खिशात टाकली. “तू सांग. काय बघितलंस ते, पहिल्या कागदापासून.”

मी कोट घातला. दोन्ही कागद घेतले.