पायडलचा ठेका

“ताई, बोटं सैल सोडा की! मोजा घालतेय, बेड्या नाही.”

धाकटी जाऊ गुडघा टेकून थोरलीच्या पायात मोजा चढवत होती. थोरली खुर्चीत ताठ. खुब्याचा सांधा दुसऱ्यांदा बदललेला. वाकलात तर निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

खुबा धाकटीनेही बदलला होता, त्याच डॉक्टरांकडून. पण तिचा पहिलाच, आणि असा लाभला की जिना पोरीसारखा चढायची. थोरलीचा पहिला सांधा सैल झाला तेव्हा तिने दुखणं अंगावर काढलं; तोवर भोवतालचं हाड झिजून गेलं. दुसऱ्या शस्त्रक्रियेने दुखणं थांबलं, पण पाय आखूड झाला, काठी जन्माची सोबतीण झाली आणि शिलाईचं पायाचं मशीन धाकटीकडे गेलं. काठी तिने सोसली. मशीन सोसवेना.

“झालं. आता राणीसाहेबांनी चालावं.”

“राणी तू गं बाई. सिंहासन तुझ्याकडे.”

“तुम्हीच दिलंत की!”

“दिलं नाही. गेलं.”

धाकटी हसली आणि मशीनवर जाऊन बसली. थोरली काजं-बटणं घेऊन कोपऱ्यात. देवापुढे हात जोडले की तिच्या ओठांवर यायचं, ‘सगळ्यांचं भलं कर’. पोटात असायचं, ‘हिला सोडून’.

पायडल भजनातल्या ठेक्यासारखं सरळ चालायचं. आज मध्येच अडखळलं. थोरलीने कान टवकारले. वाकडी पडणार शिवण! मनात गुदगुल्या झाल्या. पुन्हा अडखळलं. मग नुसत्या डाव्या पायाने, लंगडत चालू लागलं. धाकटीचा एक हात जांघेशी गेला होता.

थोरलीची सुई थांबली. हा ठेका तिचा स्वतःचा होता.

“काय गं?”

“काही नाही. पायडल जड झालंय. तेल घालायला हवं.”

काही महिने थोरली नुसती गप्प राहिली असती, तर मशीनपुढचं स्टूल आपोआप रिकामं झालं असतं. जन्मभर मागितलेलं काही देवाने ऐकलं नाही, आणि हे मेलं बरं ऐकलं!

“ऊठ.”

“अहो, बाही राहिलीये अजून...”

“ऊठ म्हणते ना. उठताना जांघेत कळ येते. हो की नाही?”

धाकटीने मान खाली घातली.

“मीसुद्धा तेलच घालत बसले होते. डॉक्टरांकडे चल. आत्ताच्या आत्ता.”

“गिऱ्हाईक येईल, ताई.”

“गिऱ्हाईक थांबेल. हाड थांबत नाही.”

“माझंही तुमच्यासारखं होणार का हो?” धाकटीने काठीकडे पाहिलं.

“होऊ नये म्हणूनच चल.”

जिन्यापाशी धाकटीने सवयीने थोरलीला आधार द्यायला हात पुढे केला. थोरलीने त्या हातात आपली काठी ठेवली आणि स्वतः कठडा धरला.

मागे मशीनवर अर्धी बाही सुईखाली तशीच अडकून राहिली.