वर्षभर टिकतील असे डोळे

माझी ताई हट्टी आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, वैतागून सांगतेय. ज्या देशात आम्ही महिन्याभरात फिरायला जाणार होतो, तिथे साथ पोचल्याची बातमी दुकानातल्या टीव्हीवर चालू होती. इस्पितळाच्या व्हरांड्यात खाटा लावलेल्या दाखवत होते. आणि आमच्या बाईसाहेब विचारतायत काय, तर "लवंगे, तिकडे संध्याकाळी गार वारा सुटतो म्हणतात. शाल पुरेल की स्वेटर घेऊ?"

"डोंबल घे," मी म्हणाले.

लवंगी म्हणजे मी. बुटकी आणि तिखट, म्हणून ताईनेच लहानपणी पाडलेलं नाव. आता केस पांढरे झाले तरी सुटलेलं नाही. आमचं दोघींचं चष्म्याचं दुकान आहे. पुढची आरशांची खोली ताईची, मागची अंधारी खोली माझी. मी डोळे तपासून नंबर काढायचा आणि तिने फ्रेम निवडून द्यायची. ताई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे क्षणभर बघायची आणि मागे वळून खणातून एकच फ्रेम काढायची. लोक उगाच आणखी दहा लावून बघायचे आणि शेवटी तीच घेऊन जायचे. माणसांची तोंडं हा तिचा धंदाही होता आणि शौकही.

आणि नेमकं तिच्याच डोळ्यांना हे व्हावं! डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट, ओल्या शाईवरून अंगठा फिरवल्यासारखं. त्यामुळे ती घरात धडपडायची नाही, चहा सांडायची नाही, कुणाला पत्ताही लागायचा नाही. डावा डोळा गेलाच होता. उजव्यात मधोमध थोडं शिल्लक होतं. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. जे बघायचं राहिलंय ते लवकर बघून घ्या." सगळ्या गावाला चष्मे घालणाऱ्या आम्ही दोघी त्या दवाखान्यातून मुकाट्याने बाहेर पडलो.

फ्रेमच्या कंपनीने कधीकाळी दुकानाला एक मोठं चित्र दिलं होतं. परदेशातलं बंदर, रंगीबेरंगी घरं, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. ताई रिकाम्या दुपारी त्याच्याकडे बघत बसायची. डॉक्टरांकडून परतल्यावर ती म्हणाली, "तिथे जाऊ या."

"घरं बघायला?"

"घरं चित्रातही दिसतात. मला त्या पायऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघायचीत. आपल्या गिऱ्हाइकांची बघून झाली. आता थोडी परकी बघते."

मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली. ताईने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

मग ही साथ आली. आधी दूर होती, मग टीव्हीत आली, मग लोक मास्क लावून दुकानात यायला लागले. सगळ्यांची एकच तक्रार, चष्म्यावर वाफ धरते. ताई प्रत्येकाला शिकवायची, मास्कची वरची कड नाकावर दाबून बसवा आणि चष्मा त्याच्यावर ठेवा. दिवसभर हाच उद्योग. रोज कुणीतरी विचारायचं, "काय, जाणार का मग तुम्ही?" ताई म्हणायची, "जाणार तर!" मी आत काचा पुसत बसायचे.

भाऊचा फोन दिवसातून दोनदा. आमचा भाऊ म्हणजे सगळ्या जगाच्या बातम्यांचा ठेकेदार. सकाळी म्हणायचा, "खबरदार जाल तर! पिशवीत घालून परत पाठवतील." संध्याकाळी म्हणायचा, "अगं, तिकडे हॉटेलं रिकामी पडलीत म्हणे, राजेशाही थाटात राहाल." मी म्हटलं, "तू आधी एक काय ते ठरव आणि मग फोन कर." त्यावर तो रुसला आणि ताईला फोन करायला लागला.

तिकीटवाला मात्र सरळ माणूस. तो म्हणाला, "शनिवारपर्यंत सांगा. तारीख पुढे ढकलून देतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही. आणि एक सांगू? तिकडे गेलात आणि विमानं बंद झाली, तर कधी परत याल ते देवालाच ठाऊक."

आता माझं सांगते. मला दमा आहे. तरुणपणापासूनचा. पंप पर्समध्ये, पंप उशाशी, पंप अंधाऱ्या खोलीतल्या मशीनमागे. माझा छातीचा डॉक्टर चेष्टेखोर आहे, एरवी म्हणतो, "तुमची जीभ चालते तोवर फुप्फुसंही चालणार." त्या आठवड्यात गेले तर त्याने चेष्टा केली नाही. तपासलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "तुमच्या छातीत हे शिरलं, तर मी काही शब्द देऊ शकत नाही. घरात बसा."

मला मरायची भीती वाटली, स्पष्टच सांगते. श्वास न मिळणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, ते परक्या गावात, परक्या भाषेत, व्हरांड्यातल्या खाटेवर मला नको होतं. पण हे ताईला सांगायचं कसं? सांगितलं असतं तर तिने त्याच मिनिटाला बॅग रिकामी केली असती. मग तिचे डोळे गेले ते माझ्या छातीपायी, असं जन्मभर मनात राहिलं असतं. आणि न सांगता जायचं, तेवढं धैर्यही नव्हतं. म्हणून मी तिच्याच नावाने भांडायला लागले.

"तुझं वय काय, तुला साखर किती, काही विचार?"

"साखर औषधाने ताब्यात आहे."

"तिथे काही झालं तर कोण आहे आपलं?"

"इथे तरी कोण आहे? भाऊ? तो फोनच करत बसेल."

मला हसू आलं, म्हणून जास्तच राग आला. "तुला जिवाची किंमत नाही ताई!"

"आहे गं. पण जीव घेऊन नुसती बसू कशाला? नाहीतर असं करते, मी एकटी जाते."

"पाट्या कोण वाचणार? भलत्याच गाडीत बसशील. पुरुषांच्या मुतारीत शिरशील!"

ताई समोरची फ्रेम उचलून तिच्या काड्यांची उघडझाप करत राहिली. मी फार बोलले होते. मला धाप लागली, तशी मी आत गेले आणि पंपाचे दोन फवारे ओढले. दार लावलं होतं, पण आमचं ते दार म्हणजे पातळ लाकडाचं. फवाऱ्याचा आवाज बाहेर जातो की नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता.

शनिवारी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. रस्त्यावरून एक पोलिसांची गाडी भोंगा लावून गेली, घरात राहा, घरात राहा. ताई माझ्या अंधाऱ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"लवंगे, तू माझे डोळे तपास."

"आत्ता?"

"आत्ता. गिऱ्हाइकाचे तपासतेस तसे. उजवा अजून चांगला असला, तर वर्षभर काही होत नाही. मग पुढच्या वर्षी जाऊ निवांत. आणि वाईट असला तर या वर्षीच जायचं, मग तू काही कटकट करायची नाहीस. बोल, आहे कबूल?"

याला मी नाही कशी म्हणणार? यात माझी भीती कुठे येतच नव्हती. डोळे सांगतील ते खरं. मी म्हटलं, "कबूल."

ती खुर्चीत बसली. मी तिच्या डाव्या डोळ्यावर झाकण धरलं, दिवा घालवला आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता उजळला. या खोलीत आमचा एक नियम आहे, ताईनेच मला शिकवलेला. माणसाला नुसतं विचारायचं, सुचवायचं नाही. चुकला तर चुकला म्हणायचं नाही, बरोबर आला तर शाब्बास म्हणायचं नाही. कारण माणसं डॉक्टरला खूश करायला बघतात आणि मग चुकीचा चष्मा घालून फिरतात.

"वाच," मी म्हणाले.

वरचं मोठं अक्षर तिने वाचलं. बरोबर. त्याखालची ओळही जवळजवळ बरोबर. माझी आवळलेली छाती सैल व्हायला लागली. खरंच टिकलेत की डोळे, मी मनात म्हटलं, देव पावला.

तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, "प, ल, न, ग."

भिंतीवर होतं, त, क, म, ब.

मला वाटलं मीच चुकतेय. मी पुन्हा बघितलं. ताई पुढे वाचत होती, न अडखळता, एका लयीत, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, जी माझ्यासारखीला चष्मा लावूनही डोळे बारीक करून वाचावी लागते. ती वाचत होती तो जुना तक्ता होता. तो पिवळा पडला होता आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पोरांना पाठ झाला होता, म्हणून गेल्या महिन्यात मी काढून नवीन लावला होता. ताईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? रोज सकाळी त्या तक्त्यावरून फडकं तीच फिरवते.

रोज फडकं फिरवत होती आणि तिला कळलं नव्हतं. म्हणजे उजवाही गेला होता. जवळजवळ गेलाच होता. आणि ती तिथे खुर्चीत ताठ बसून, मांडीवर हात ठेवून, मला घरी ठेवण्यासाठी खोटं वाचत होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंधार होता म्हणून बरं. एक शब्द बोलायचा होता फक्त. ताई, तक्ता बदललाय. मग बॅगा भरायच्या, त्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं, आणि जे काही उरलंसुरलं दिसतंय ते तिला बघू द्यायचं. शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. आणि त्याच्या मागोमाग व्हरांड्यातली ती खाट आली.

"काय गं, बरोबर का?" ताईने विचारलं.

"सगळं बरोबर," मी म्हणाले. "वर्षभर काही होत नाही तुझ्या डोळ्यांना."

"बघ! मी म्हटलंच होतं." ती उठली, पदराने कपाळ पुसलं. "मग लाव फोन त्या तिकीटवाल्याला. उगाच त्या माणसाला ताटकळत कशाला ठेवायचं?"

मी फोन लावला. तो म्हणाला, शहाणपणा केलात.

नंतर दुकानं बंद झाली. आम्ही दोघी घरात कोंडलेल्या. आपण वाचलो असं म्हणायला हवं, वाचलोच. ज्या गावाला जाणार होतो तिथली माणसं किती गेली ते टीव्हीवर रोज सांगत होते. भाऊ फोनवर म्हणायचा, "बघा, मी सांगत होतो की नाही!" ताई त्याला म्हणायची, "हो रे बाबा, तुझ्यामुळेच जगलो." ती भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, मला वाफ घ्यायला लावायची. मी तिला पेपर वाचून दाखवायला लागले. तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकमेकींशी इतकं गोड आम्ही जन्मात वागलो नव्हतो. तिला जरा जास्त वेळ खिडकीत उभी बघितली की मी पेपरातली काहीतरी बातमी काढून तिला आत बोलवायचे.

दुकान उघडायची परवानगी मिळाली त्या सकाळी ती माझ्या आधी निघाली. आरसे पुसायचेत म्हणाली. मी मागून निघाले. दुकानाच्या पायरीशी तिकीटवाल्याचा फोन आला. विमानं सुरू होतायत, तुमची तारीख घालू का? थांबा, मी म्हटलं, ताईला विचारून सांगते. चालून धाप लागली होती म्हणून मास्क काढून हातात घेतला आणि आत शिरले. दम खात दारातच उभी राहिले, तोंडातून शब्द फुटेना.

ताई आरशांसमोर उभी होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं, अगदी समोरून, उजेडात.

"या ना, बसा," ती म्हणाली. आवाज गोड, गिऱ्हाइकाशी असतो तसा. "काय हवंय तुम्हाला?"

मी दोन पावलं पुढे गेले.

"नंबर काढायचाय का? बहीण येईलच इतक्यात."

"ताई," मी म्हणाले. "मी आहे गं."

तिचा चेहरा पडला. पण क्षणभरच. लगेच हसून कपाळावर हात मारून म्हणाली, "अगंबाई, तू होय! मेला हा मास्क. माणूस ओळखूच येत नाही त्याच्यामुळे."

"हो ना," मी म्हणाले. "मेला मास्क." आणि हातातला मास्क तोंडावर चढवला.